भिंतीच्या पोटात काय आहे

(नांदेड येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



गेल्या वर्षी बारावीच्या निकालाच्या आसपास लोहा तालुक्यातले एक गृहस्थ लेकीला घेऊन माझ्या ऑफिसात आले. टेबलावर त्यांनी एक गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक ठेवलं. कॅनडातलं कॉलेज, अभ्यासक्रम आर्किटेक्चरल टेक्नॉलॉजी, मुदत तीन वर्षं. म्हणाले, "सर, इथं आर्किटेक्ट व्हायला पाच वर्षं लागतात म्हणे. तिथं तीनच. हे केलं की लेकरू आर्किटेक्ट होतंय ना? एजंट म्हणला, दोन्ही एकच असतंय." दोन एकर रान विकायची तयारी करून ते आले होते.

दोन्ही एकच नसतं, एवढं मी लगेच सांगितलं. पण काय वेगळं असतं आणि का, हे सांगायला तास गेला, आणि तरी माझं समाधान झालं नाही. तो तास आज मला तुमच्यासमोर पुन्हा, जरा नीट मांडायचा आहे. आपल्या भागातून लातूरला शिकवणीला जाणारं प्रत्येक लेकरू डॉक्टर किंवा इंजिनिअरच होणार असं आपण धरून चालतो. ज्यांना घरं बांधायची आहेत, त्यांच्याशी बोलणारं कुणी नसतं.

आधी कायद्याचं सांगतो, कारण जमीन त्याच्यावर विकली जाते. 'आर्किटेक्ट' हा शब्द आपल्या देशात १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनं राखून ठेवलेला आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे ज्याची नोंदणी आहे, त्यालाच तो पाटीवर लिहिता येतो. नोंदणीसाठी मान्य पदवी लागते, म्हणजे बहुतेकांसाठी पाच वर्षांचं बी.आर्क.; आणि त्याच्या प्रवेशाला नाटा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर. २०२० साली नोएडाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा कायदा हुद्द्याचं रक्षण करतो, कामाची मक्तेदारी देत नाही. म्हणूनच इंजिनिअरनं सही केलेले प्लॅनही पास होतात. आपल्या राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आर्किटेक्टबरोबर परवानाधारक इंजिनिअर आणि सुपरवायझर यांनाही जागा आहे. पॉलिटेक्निकची तीन वर्षांची आर्किटेक्चरल असिस्टंटशिप आणि वर अनुभव, एवढ्यावर सुपरवायझरचा परवाना निघतो. त्याला किती मोठ्या इमारतीवर सही करता येईल, याची हद्द ठरलेली असते. परदेशातून टेक्नॉलॉजीची पदविका घेऊन आलेली मुलगी नांदेडात उतरली, तर तिला आपल्या नावापुढे 'आर्किटेक्ट' लिहिता येणार नाही. कॅनडातही येणार नाही. तिथं प्रत्येक प्रांताची आर्किटेक्टांची संस्था हा शब्द सांभाळते, आणि परवान्यासाठी मान्य पदवी, ३,७२० तासांची नोंदवलेली उमेदवारी आणि परीक्षा, एवढं सगळं लागतं.

इथं पुष्कळ पालक माहितीपत्रक मिटून उठतात. 'म्हणजे खालचं काम' असा निष्कर्ष काढतात. तो मला मान्य नाही, आणि का मान्य नाही हेच आजचं माझं बोलणं आहे.

टेक्नॉलॉजिस्टचा हा व्यवसाय वेगळा कसा झाला, ते पाहा. इंग्लंडात १९५८ साली ऑक्सफर्डला आर्किटेक्टांची एक परिषद भरली. शिक्षण विद्यापीठात न्यावं, प्रवेशाची अट वाढवावी, असं तिथं ठरलं. चांगलंच झालं. पण ऑफिसात बसून दरवाजाची चौकट भिंतीला कशी मिळेल, ओल कुठून शिरेल, छपराचं पाणी कुठं जाईल, हे कागदावर उतरवणाऱ्या माणसांचं काय? चार वर्षांनी तिथल्याच आर्किटेक्टांच्या संस्थेनं आपल्या ऑफिसांची पाहणी केली, तेव्हा या माणसांना स्वतःचं शिक्षण आणि स्वतःची संस्था हवी असं निघालं. १९६५ साली ती संस्था उभी राहिली. २००५ मध्ये तिला शाही सनद मिळाली. आज चार्टर्ड आर्किटेक्चरल टेक्नॉलॉजिस्ट तिथं स्वतःचं ऑफिस काढतो, काम पहिल्या रेषेपासून किल्ली हातात देईपर्यंत स्वतः नेतो. फक्त स्वतःला आर्किटेक्ट म्हणवत नाही. डेन्मार्कमध्ये याच कामाची साडेतीन वर्षांची पदवी आहे आणि तिला समाजात मान आहे.

आपल्याकडे उलटं घडलं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये १८९६ साली सुरू झाला तो ड्राफ्ट्समनचा वर्ग. त्यातून वाढत १९१३ साली आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम आला. म्हणजे या महाराष्ट्रात आर्किटेक्ट जन्माला आला तोच नकाशे काढणाऱ्या हातांतून. पुढे आपण ते हात मागच्या खोलीत बसवले. मी स्वतः तीस वर्षं हे काम करतो. माझ्या ऑफिसातल्या ड्राफ्ट्समननं 'सर, इथं पाणी मुरेल' म्हणून किती वेळा माझी लाज राखली, ते मलाच ठाऊक.

पण हे सगळं इंग्लंड-मुंबईचं झालं. आपल्या मातीतलं उदाहरण यापेक्षा फार मोठं आहे, आणि फार जवळचं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाट होत होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंपानं किल्लारी हादरली. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसं गेली. औसा, उमरगा, लोहारा या भागातली गावंच्या गावं दगडांच्या ढिगाऱ्यांत बसली. मी त्या वेळी तरुण होतो. मदत घेऊन गेलेल्यांपैकी होतो. काय पाहिलं ते सांगणार नाही. इथं बसलेल्यांपैकी अनेकांनी त्याहून जास्त पाहिलंय.

फक्त एक गोष्ट सांगतो, जी मला पुढे अभ्यास करताना कळली. त्या घरांचे लाकडी खांब आणि तुळया कित्येक ठिकाणी उभ्या होत्या. पडल्या होत्या भिंती. दोन-अडीच, कुठं तीन फूट जाडीच्या. एवढी जाड भिंत म्हणजे किल्लाच, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या समजत आलो. पण त्या भिंतीच्या पोटात काय होतं? बाहेरून घडीव दगडांचा एक थर, आतून दुसरा थर, आणि मधल्या पोकळीत गोटे, चिपा आणि माती. दोन थरांना एकमेकांशी बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा जोडदगड नव्हता किंवा फार थोडा होता. जमीन हलली तशा दोन्ही पाठी फुगून अलग झाल्या आणि आतली माती मोकळी झाली. वर माळवद. दर पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून त्यावर पांढरी माती टाकायची, आधीची न काढता. बापानं टाकली, आज्यानं टाकली. फूटभराचा थर दोन फुटांवर गेला. ते ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

यात आर्किटेक्टची कल्पकता कमी पडली नव्हती. चौसोपी अंगण, जाड भिंतींचा गारवा, धाब्यावरची उन्हाळी झोप, या घरांची रचना आजही मला माझ्या कुठल्याही फ्लॅटपेक्षा शहाणी वाटते. कमी पडला तो एक दगड. मीटर-मीटरवर एक आरपार दगड बसवायचा, एवढं ज्ञान. पूर्वीचे जाणते गवंडी तो बसवत. पुढे घाई आली, पैसा कमी पडला, आणि बाहेरून तर तो दगड कुणाला दिसतच नव्हता. बाहेरून न दिसणाऱ्या या गोष्टीची जबाबदारी घेणं, हाच टेक्नॉलॉजिस्टचा व्यवसाय आहे.

हे केवळ गरिबाच्या दगडमातीचं नाही. १४ जून २०१७ ला लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ७२ माणसं गेली. जुन्या इमारतीला बाहेरून नवं आवरण चढवलं होतं, अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पेट घेणारं प्लॅस्टिक. आवरण आणि मूळ भिंत यांच्यात पोकळी होती. ती पोकळी आगीला वर चढायची वाट झाली. किल्लारी आणि लंडन, २४ वर्षांचं अंतर, आणि दोन्हीकडे प्रश्न एकच: बाहेरचा पृष्ठभाग आणि आतला पृष्ठभाग यांच्यामध्ये काय आहे, हे कुणी पाहिलं होतं का? त्यानंतर ब्रिटननं २०२२ मध्ये इमारत सुरक्षेचा नवा कायदा केला आणि रचना करणाऱ्यांच्या गळ्यात स्पष्ट जबाबदारी घातली.

आता दुसरी बाजू. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन झालं. ५२ गावं उठवून नव्या जागी बसवली. नवी घरं भूकंपाला टिकतील अशी बांधली, म्हणजे भिंतीचा प्रश्न सुटला. पण त्या गावांतून एकदा चालून पाहा. सरळ रेघांचे रुंद रस्ते, एकसारख्या घरांच्या ओळी, शहरातल्या कॉलनीसारखी आखणी. गुबाळला तर घुमटाची घरं उभी केली. बैल कुठं बांधायचा, कडबा कुठं रचायचा, म्हातारीनं संध्याकाळी कुणाच्या ओट्यावर टेकायचं, भावकी कुठं एकत्र बसायची, याचा विचार पुष्कळ ठिकाणी झालाच नव्हता. लोकांनी वर्षा-दोन वर्षांत पत्र्याची शेडं जोडली, कुडाची भिंत घातली, आणि जमेल तसं घराला घरपण आणलं. मळकोंडजीसारख्या गावात मात्र गावकऱ्यांना सोबत घेऊन काम झालं, ते वेगळं ठरलं.

तर भिंत टिकली आणि गाव हरवलं, असंही होऊ शकतं. माणसं एकमेकांशेजारी कशी राहतात, हे ओळखून जागा आखणं हे आर्किटेक्टचं शिक्षण आहे. त्याला पाच वर्षं लागतात ती उगाच नाहीत. मी लेकीच्या वडिलांना हेच म्हणालो: तुमच्या लेकराला घराचा प्रश्न कुठून दिसतो, ते आधी बघा. अंगणातून दिसतो की भिंतीच्या कापातून?

त्यांनी विचारलं, "दोन्ही नाही का जमत?"

जमतं. आचऱ्याच्या अच्युत कानविंद्यांनी जमवलं. १९१६ चा जन्म, जे. जे.मधून शिकले, सरकारी वैज्ञानिक संस्थेत नोकरीला लागले आणि १९४५ साली सरकारनं त्यांना हार्वर्डला पाठवलं. तिथं वॉल्टर ग्रोपियसच्या हाताखाली शिकून ते परत आले. प्रयोगशाळा बांधायच्या तर हवा, पाणी, वायूंच्या नळ्या, सगळ्याचा हिशेब आधी. तो त्यांनी मनापासून केला. मेहसाण्याची दूधसागर डेअरी बघा. आतली उष्णता बाहेर काढणारे हवेचे उंच मनोरे हीच त्या इमारतीची ओळख बनली. तंत्र लपवलं नाही, तंत्रालाच रूप दिलं. पण क्रम लक्षात घ्या: आर्किटेक्ट इथं झाले, मग बाहेर गेले.

हाच क्रम मी आज बहुतेक मुलांना सुचवतो. इथं परत येऊन काम करायचं असेल, पाटी लावायची असेल, तर बी.आर्क. इथं करा, मग बाहेर जाऊन इमारतीचं तंत्र, संवर्धन, ऊर्जा, जे हवं ते दोन वर्षं शिका. खर्चही एकदम अंगावर येत नाही. उलट, ज्या मुलाला सांधे, जोड, थर यांतच गोडी आहे, ज्याला दहा वर्षं तिकडं राहून काम करायचं आहे, त्यानं सरळ टेक्नॉलॉजीला जावं, आणि ताठ मानेनं जावं. पुढे आर्किटेक्ट व्हावंसं वाटलं तर कॅनडात नोकरी करत-करत शिकायची वाट आहे, पण ती लांब आहे. तिच्या भरवशावर आज जमीन विकू नका. व्हिसाचे नियम दर वर्षी बदलतात, त्यांच्या भरवशावर तर मुळीच नको. आणि एजंटाला एकच प्रश्न लेखी विचारा: हे शिकून कोणत्या देशात, कोणत्या कागदावर, लेकराला सही करता येईल?

मुलगी तासभर गप्प होती. उठताना तिला म्हटलं, फॉर्म भरायच्या आधी कुठलंही एक जुनं घर मोज. आतून-बाहेरून.

महिन्याभरानं ती परत आली. तिचं आजोळ औसा तालुक्यात, भूकंपात तडकलेलं पण उभं राहिलेलं दगडी घर. आजी आजही अंगणात बाज टाकून झोपते. पावसाळ्यातसुद्धा छपरीत, माळवदाखाली नाही. तिनं त्या घराचा नकाशा काढला होता, बाज जिथं असते तिथं बाजेसकट. दुसऱ्या कागदावर भिंतीचा काप. कोनाड्यातला एक निखळलेला दगड हलवून तिनं आत बॅटरी धरली होती. माती आणि गोटे. आख्ख्या भिंतीत तिला दोनच जोडदगड सापडले.

या उन्हाळ्यात आम्ही त्या घराचं काम घेतलं. भूकंपानंतर याच भागात शिकवलेली रीत आहे: दगड अलगद काढून भिंतीला आरपार भोक पाडायचं, त्यात आकडे वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरतात. साधारण मीटरभर अंतरानं अशी भोकं पाडत जायची. मुलगी गवंड्याच्या शेजारी उकिडवी बसून प्रत्येकाची नोंद ठेवते आहे. आता राहिलंय माळवद. तिचा फोन आला होता, "सर, वर मोजलं, पावणेदोन फूट माती आहे. किती काढायची?" आठ इंच ठेव म्हणालो, बाकी उतरव. आजी विचारत होती म्हणे, ती माती परसात टाकली तर चालेल का, तिच्या आज्येसासऱ्यानं आणलेली आहे.