नर्तकीचे भित्तिपत्रक

हुबळीच्या विद्यानगरात किंवा गोकुळ रोडला एखादे नवे उपाहारगृह निघते. पहिले चार महिने बरे जातात. मग शेजारी दुसरे निघते आणि गिऱ्हाईक विभागले जाते. अशा वेळी मालकाच्या मनात येते की, शनिवारी रात्री जेवणाबरोबर एखादा नृत्याचा कार्यक्रम ठेवावा. मोठ्या शहरांतून 'बेली डान्स' चालतो हे त्याने पाहिलेले असते. बंगळूरहून किंवा मुंबईहून नर्तकी ठरते आणि प्रश्न उरतो भित्तिपत्रकाचा. छापखान्यात संगणकापुढे बसलेल्या तरुण चित्रकाराला मालक एवढेच सांगतो की, रस्त्याने जाणारा माणूस थांबला पाहिजे. चित्रकार इंटरनेटवरून एक छायाचित्र उतरवून घेतो, ते वर मानेपाशी आणि खाली मांडीपाशी कापतो, मध्ये उरलेल्या कमरेवर नाण्यांचा पट्टा चमकवितो. वर तारीख, खाली दूरध्वनीचा क्रमांक. अर्ध्या तासात काम संपते. अशी भित्तिपत्रके आज कोणत्याही मोठ्या शहरात दिसतात.

या चित्रावर पहिला आक्षेप येतो तो सभ्यतेच्या बाजूने, आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे असे नव्हे. परंतु तेवढ्यावरच थांबले तर चित्रकार त्या कमरेवर थोडे अधिक वस्त्र चढवील आणि आपले काम निभावले असे समजेल. उणीव वस्त्राची नाही. त्या चित्रात चेहरा नाही, नाव नाही आणि नृत्यही नाही. शिवाय छायाचित्रातील बाई एक आणि शनिवारी येणारी नर्तकी दुसरीच! दुसऱ्याचे छायाचित्र न विचारता छापणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याला धरून नाही, ही गोष्ट वेगळीच. पण गिऱ्हाइकालाही ती एक प्रकारची फसवणूकच होय.

या नृत्याचे प्रचलित नावच मुळी जाहिरातीने रूढ केलेले आहे. अरबी भाषेत त्याला 'रक्स शर्की' म्हणतात, म्हणजे पूर्वेकडील नृत्य. त्या नावात पोटाचा उल्लेख कोठेच नाही. तो घातला फ्रेंचांनी. पुढे १८९३ साली शिकागो येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेथील करमणुकीच्या विभागाची व्यवस्था सोल ब्लूम नावाच्या अवघ्या तेवीस वर्षांच्या तरुणाकडे होती. अल्जिरियातील कलावंतांचा ताफा त्याने तेथे आणला होता. फ्रेंच नावाचा शब्दशः अर्थ कळताच लोकांनी हा प्रकार अश्लीलच असणार असे ठरवून टाकले आणि मग तंबूपुढे रीघ लागली, असे त्याने उतारवयात आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. अल्जिरियाच्या त्या नर्तकींना यात कोणी विचारले असेल असे वाटत नाही. आज हुबळीतला चित्रकार चित्र कापतो तेव्हा तोच जुना धडा, न शिकताच, गिरवीत असतो.

त्या देशांत मात्र गोष्ट निराळी होती. बदिया मसाबनी ही शाम देशाकडून आलेली कलावती. तिने १९२६ मध्ये काहिरा येथे स्वतःचे रंगगृह काढले. तिच्या रंगमंचावरून तहिया कारिओका आणि सामिया गमाल या दोघी पुढे आल्या. इजिप्तच्या बोलपटांच्या जाहिरातींवर त्यांचे चेहरे मोठे काढीत आणि नावे ठळक छापीत. लोक त्यांना नावाने ओळखीत, आणि अमकी बरी की तमकी बरी म्हणून वाद घालीत.

आता नृत्याकडे वळावे. या नृत्याची सारी कसोटी अशी की, शरीराचा एक भाग हलत असता दुसरा निश्चल राहिला पाहिजे. कंबर आठाचा आकडा काढते, पण खांदे आणि मान जागच्या जागी असतात. दरबुका नावाच्या चर्मवाद्याचा ठेका द्रुत होतो तसा कटिभागात बारीक कंप उठतो आणि ठेका थांबताच क्षणात विरतो. स्नायूंवर एवढा ताबा येण्यास वर्षानुवर्षे घालवावी लागतात. छायाचित्राने हा कंप टिपता येत नाही. कॅमेऱ्याने त्याचा एक क्षण गोठविला की गती नाहीशी होते आणि केवळ उघडी त्वचा शिल्लक राहते. म्हणजे ज्यासाठी नर्तकी येणार तेच चित्रातून गळून पडते. गती नसलेल्या कागदावर गती कशी आणावी, हा चित्रकारापुढील खरा प्रश्न आहे, आणि तो सव्वाशे वर्षांपूर्वी काही चित्रकारांनी सोडविलेला आहे.

लोई फुलर ही अमेरिकन नर्तकी रेशमी वस्त्रांचे घेर हवेत फिरवून नाचत असे. तिच्यासाठी पॅरिसच्या जूल शेरे याने १८९३ मध्ये जे भित्तिपत्रक केले, त्यात अंधारातून उसळणारी रंगीत वस्त्राची लाट दिसते. पाहणाऱ्याची नजर त्या वळणाबरोबर फिरते, आणि हेच नृत्य. त्याच वर्षी तुलूझ-लोत्रेक याने 'दिवाँ जापोने' नावाच्या, गाणे ऐकत खानपान करण्याच्या ठिकाणासाठी भित्तिपत्रक काढले. म्हणजे आपल्या मालकासारख्याच एका मालकाचे काम. मोठे नवल असे की, त्यात रंगमंचावरील गायिकेचे डोके कागदाच्या वरच्या कडेने खरोखरच कापले गेले आहे! पण तिच्या हातांत कोपरापर्यंतचे काळे हातमोजे आहेत, आणि तेवढ्यावरून ही इव्हेट गिल्बेर होय हे पॅरिसमधील रसिक ओळखीत. डोके कापूनही चित्रकाराने तिची ओळख राखली. समोर प्रेक्षकांत काळ्या पोशाखात बसलेली जेन आव्रिल ही स्वतः नामांकित नर्तकी. तीही ओळखू येते. तेव्हा डोके नसणे हा एकटाच दोष धरता येत नाही. कापल्यावर माणूस उरतो की केवळ अवयव, हे पाहावयाचे.

इतक्या दूर जाण्याचेही खरे तर कारण नाही. हुबळी-धारवाड हा नाटक मंडळ्यांच्या फिरतीचा मुलूख. टांग्यात वाजंत्री बसवून गावभर हस्तपत्रके वाटीत जाण्याची पद्धत जुन्या मंडळींनी डोळ्यांनी पाहिलेली होती. त्या पत्रकांत नाटकाच्या नावाखाली नटाचे नाव असे आणि गर्दी नावावर जमत असे. हुबळीशेजारच्या कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर सुभद्रेच्या भूमिकेत उभे राहत. लोक येत ते 'सवाई गंधर्व' हे नाव वाचून. पुरुषाने स्त्रीवेष घेतला तर त्याचे नाव मानाने छापले जाई, हे यात ध्यानात घेण्यासारखे आहे.

स्त्री स्वतः पुढे आली की मात्र नावाची कुचंबणा सुरू होई. रामभाऊंच्या शिष्या गंगूबाई हनगल धारवाडात १९१३ साली जन्मल्या आणि हुबळीत राहिल्या. त्यांच्या आरंभीच्या काही ध्वनिमुद्रिका 'गांधारी' या नावाने निघाल्या होत्या. मुसलमान गवई उस्ताद होतो, हिंदू गवई पंडित होतो, पण केसरबाई आणि मोगूबाई यांच्यासारख्या थोर गायिका मात्र केवळ बाईच राहतात, अशी खंत त्यांनी पुढे बोलून दाखविली होती. २००९ मध्ये त्या निवर्तल्या तेव्हा सारा देश त्यांना पूर्ण नावाने ओळखत होता. ज्या गावाने नावाची ही लढाई इतक्या जवळून पाहिली, तेथील भिंतीवर नर्तकीचे नाव नसावे हे बरे दिसत नाही. गंगूबाईंचे शास्त्रोक्त गाणे कोठे आणि उपाहारगृहातील नाच कोठे, असे कोणी म्हणेल. तुलना कलेच्या पायरीची नव्हे. पोटासाठी श्रम करणाऱ्या कलावतीला नाव असते एवढेच म्हणावयाचे आहे.

तर मग चित्रकाराने करावे काय? नर्तकीकडूनच तिच्या कार्यक्रमाची दोन-चार छायाचित्रे मागवावीत. त्यातले हात उंचावलेले, ओढणी वर उडालेली आणि घागऱ्याचा घेर फिरलेला असे एक निवडावे. चेहरा प्रकाशात असू द्यावा. चित्र नीट उठत नसेल तर छायाचित्राचा नाद सोडून रेषेने काढावे. उडती ओढणी, दरबुका आणि एका बाजूस जेवणाचे मेज एवढ्यावर सारे भागते. पार्श्वभूमी गडद निळी किंवा मरून ठेवून अक्षरे पिवळी घेतली तर २० इंच रुंद व ३० इंच उंच कागद रस्त्यापलीकडूनही वाचता येतो. नर्तकीचे नाव नृत्याच्या नावाहून लहान नसावे. कानडी मजकूर आधी बसवावा, इंग्रजी मागाहून. कानडी जोडाक्षरांत दुसरे व्यंजन ओळीखाली लोंबते. 'हुब्बळ्ळी' या एका नावातच ते दोनदा येते. इंग्रजीच्या मापाने ओळी आखल्या तर ही अक्षरे खालच्या ओळीत घुसतात, आणि घाईच्या कामात हा घोटाळा नेहमी होतो.

फ्लेक्सचा विचार करू नये. कर्नाटक सरकारने २०१६ मध्येच प्लास्टिकच्या फलकांवर बंदी घातली आहे. कागद घ्यावा किंवा कापड. सार्वजनिक भिंतीवर विनापरवाना चिकटवू नये. त्यासाठी १९८१ चा कायदा आहे. तसाही धारवाडचा पावसाळी कागद दोन दिवसांत ओघळतो. उपाहारगृहाच्या काचेवर आतून लावलेला कागद अधिक टिकतो आणि येणाऱ्यांच्या नजरेसही पडतो.

मालकाला यात गिऱ्हाईक कमी होण्याची भीती वाटेल, आणि ती सोडून देण्यासारखी नाही. कमरेच्या चित्राने पहिल्या शनिवारी गर्दी अधिक जमेल हे शक्य आहे. पण कोणती गर्दी? भित्तिपत्रक केवळ बोलावीत नाही, ते निवडतेही. जे कंबर पाहून आले ते कंबरच मागणार. कुटुंबाची मेजे रिकामी राहणार, आणि नर्तकीला रंगमंचाचे अंतर नसलेल्या खोलीत, हातभर अंतरावर बसलेल्या त्या लोकांमधून वाट काढीत नाचावे लागणार. तिला ओढणीचा पदर सावरावा लागेल, मोबाइलचे कॅमेरे चुकवावे लागतील, कोणी नोट पुढे केली तर हसून मागे सरकावे लागेल. छापखान्यात अर्ध्या तासात जे ठरले, त्याचे मोल ती दोन तास देत राहते. तिचे नाव आणि चेहरा पाहून आलेला प्रेक्षक निदान आरंभी हात आवरून बसतो. कारण आपण कोणा एका व्यक्तीचा कार्यक्रम पाहावयास आलो आहोत हे त्याला दारातच कळलेले असते.

म्हणून छपाईपूर्वीचे कच्चे मुद्रित मालकाने पाहण्याआधी नर्तकीला पाठवावे. आता ते फोनवरून क्षणात जाते. तिच्या नावाचे कानडी लेखन चुकले असेल तर ती सांगेल, आणि चित्र पटले नाही तर तेही सांगेल. शनिवारला आठ दिवस असले की दुसरे चित्र करण्यास वेळ भरपूर असतो.