पद्मिनीची काच आणि दोरी



निवृत्तीनंतर काय करतोस, असं सकाळपासून सगळे विचारताहेत. वडिलांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी सांभाळतो. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी. गेल्या पावसाळ्यात तिच्या पुढच्या काचेतून पाणी येऊ लागलं. पायाखालचा पत्रा सडला असता, तर गाडी भंगारातच गेली असती.

गळती शोधायची रीत साधी आहे. एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं पाणी सोडायचं. आधी काचेच्या खालच्या कडेला, मग हळूहळू वर. पाणी ठिबकतं एकीकडे, शिरतं दुसरीकडून. दोष बहुधा काचेभोवतीच्या रबराचा असतो. उन्हानं ते कडक होतं, आक्रसतं. त्यावर नुसतं सिलिकॉन थापलं, तर पाणी आत अडकून गंज वाढू शकतो.

म्हणून काच उतरवली, गंज घासला, प्रायमर आणि रंग लावला. काचेला नवं रबर चढवलं, त्याच्या खाचेत दोरी बसवली, साबणाचं पाणी लावलं. मुलगी बाहेरून काच दाबत राहिली, मी आतून दोरी ओढत गेलो. रबराची कड पत्र्यावर चढत गेली. यंदा गाडी कोरडी राहिली. आजोबांच्या गाडीचं हे काम आता तिलाही येतं.

कुणाच्या दारात जुनी गाडी झाकून उभी असेल, तर हाक मारा. हे दोघांचं काम आहे. टॉर्च मी आणेन.