बियाण्याची ओळख आणि बियाण्याचा हक्क

(चिंचपोकळी येथील युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कळल्यावर काही जणांनी विचारलं, की चिंचपोकळीत शेत आहे कुठे, इथे बियाण्यांवर काय बोलणार? प्रश्न बरोबर आहे. पण या वस्तीचं नावच चिंच आणि पोफळी या दोन झाडांवरून पडलं, असं सांगतात. शिवाय इथे बसलेल्यांपैकी अनेकांचं गाव रायगडात किंवा रत्नागिरीत आहे आणि तिथे भाताचा एखादा तुकडा अजून कुटुंबाच्या नावावर आहे. आणि ज्यांना गाव नाही, त्यांच्याही घरी तांदूळ शिजतोच.

वाण्याच्या दुकानात गोणींवर नावं लिहिलेली असतात: कोलम, एचएमटी, बासमती. पण एकदा भात सडून, पॉलिश करून पांढरा दाणा हातात आला, की गोणीवरचं नाव खरं की खोटं हे डोळ्यांनी कसं ओळखणार? वास आणि लांबी यांवरून अंदाज करता येतो. पुरावा देता येत नाही. इथे डीएनए मार्कर उपयोगी पडतात. आज मी दोन गोष्टी सांगणार आहे. हे मार्कर काय सांगू शकतात ही एक, आणि काय सांगू शकत नाहीत ही दुसरी. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

आधी पहिली. भाताच्या जनुकसंचात सुमारे ३९ कोटी अक्षरांचा मजकूर असतो. अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. दोन वाणांचा मजकूर बहुतेक ठिकाणी सारखाच असतो, फरक थोड्या जागी असतो. काही जागी दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. समजा, एका वाणात आठ वेळा, दुसऱ्यात तेरा वेळा. काही जागी एकच अक्षर बदललेलं असतं. अशा ओळखीच्या जागा म्हणजे मार्कर. पानातून किंवा दाण्यातून डीएनए काढतात, पीसीआर यंत्रात नेमक्या त्या जागेच्या असंख्य प्रती करतात आणि तुकड्याची लांबी मोजतात किंवा बदललेलं अक्षर वाचतात. एका मार्करवर निकाल देत नाहीत, कारण एखाद्या जागी दोन वाणं योगायोगाने सारखी निघू शकतात. अनेक जागा मिळून जो नमुना तयार होतो, तो त्या वाणाचा डीएनए ठसा. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी माणसांसाठी जी पद्धत शोधली, त्यामागचा विचार हाच होता.

याचा फायदा काय? रोपाची उंची, पानाचा रंग, फुलोऱ्याचे दिवस ही लक्षणं माती, पाणी आणि खतानुसार थोडीफार बदलतात. डीएनए ठसा शेत बदललं म्हणून बदलत नाही. दुसरा फायदा वेळेचा. कापसाच्या संकरित बियाण्याची शुद्धता तपासायची जुनी रीत म्हणजे ते पेरून रोपं मोठी होईपर्यंत थांबायचं. त्यात हंगाम जातो. मार्करने तेच काम काही दिवसांत होतं. पाकीट फाडून पेरणी केलेल्या विदर्भातल्या शेतकऱ्यासाठी हा फरक किती मोठा आहे, हे सांगायला नको.

बासमतीच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडलं आहे. हैदराबादच्या सेंटर फॉर डीएनए फिंगरप्रिंटिंग अँड डायग्नॉस्टिक्स या संस्थेने बासमती ओळखण्याची मार्कर चाचणी विकसित केली. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २००४ मध्ये तिथल्या बाजारातल्या बासमतीची डीएनए तपासणी जाहीर केली, तेव्हा जवळपास निम्म्या नमुन्यांत दुसरा तांदूळ मिसळलेला आढळला.

आता दुसरी गोष्ट. हापूस आंब्याचं उदाहरण घ्या. कर्नाटकातला आंबा देवगडचा म्हणून विकला जातो, ही मुंबईतली नेहमीची तक्रार. डीएनए चाचणी करून हे पकडता येईल का? साधारणपणे नाही. हापूसची झाडं कलम करून वाढवतात, त्यामुळे दोन्हीकडच्या झाडांचा ठसा जवळजवळ सारखाच असतो. वाण एकच, जमीन वेगळी. म्हणून कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये जे संरक्षण मिळालं ते भौगोलिक मानांकनाचं आहे, वाणाचं नाही. मार्कर सांगतो, हे काय आहे. ते कुठून आलं आणि कोणाचं आहे, हे तो सांगत नाही.

‘कोणाचं आहे’ हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत ठळकपणे उभा राहिला तो दादाजी खोब्रागडे यांच्या बाबतीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. मराठवाड्यातलं नांदेड नव्हे. दादाजी तिथले अल्पभूधारक शेतकरी, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ मध्ये ‘पटेल-३’ या भाताच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या आणि पुढची काही वर्षं निवडून निवडून लावल्या. दाणा बारीक, उतारा चांगला, शिजवल्यावर चव उत्तम. त्या काळी एचएमटीची घड्याळं लोकप्रिय होती, तेच नाव या भाताला पडलं. बियाणं हातोहात पसरलं. तुमच्या वाण्याकडच्या गोणीवरचं एचएमटी हे नाव तिथून आलं आहे.

१९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने दादाजींकडून थोडं बियाणं नेलं. १९९८ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित केलं. विद्यापीठाची बाजू अशी, की त्यांनी बियाणं शास्त्रीय निवडीने शुद्ध केलं. दादाजींचं म्हणणं असं, की वाण माझं आणि श्रेय दुसऱ्याला गेलं. पुढे नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्यांचा गौरव केला, २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत त्यांचं नाव आलं. त्यांनी एकूण नऊ वाणं तयार केली. ३ जून २०१८ रोजी ते गेले. शेवटपर्यंत पैशाची ओढाताण सुटली नाही.

समजा, १९९४ चा तो नमुना जपून ठेवलेला असता आणि १९९८ च्या वाणाशी त्याचा ठसा जुळवला असता, तर काय कळलं असतं? दोन्ही किती जवळचे आहेत, हे आकड्यात कळलं असतं. पण ‘किती फरक पडला म्हणजे नवं वाण’ ही रेषा यंत्र आखत नाही, माणसं आखतात. आणि खुद्द पटेल-३ हे जबलपूरच्या कृषी विद्यापीठातले संशोधक डॉ. जे. पी. पटेल यांचं काम होतं. बियाणं असं हातातून हातात जात बदलत असतं. त्यातल्या प्रत्येक हाताची नोंद ठेवायची की फक्त शेवटच्या, हा न्यायाचा प्रश्न आहे.

दादाजींचं बियाणं नेलं तेव्हा आपल्याकडे यासाठी कायदा नव्हता. तो २००१ मध्ये झाला: वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा. नावात ‘शेतकरी हक्क’ हे शब्द आहेत, ते विसरू नका. या कायद्यानुसार नवं वाण इतरांपेक्षा वेगळं, एकसारखं आणि स्थिर असलं पाहिजे. ही परीक्षा मुख्यतः शेतात, लक्षणं पाहून, किमान दोन हंगाम होते. प्रयोगशाळेतली विशेष चाचणी शेतातल्या परीक्षेने निर्णय होत नसेल तेव्हाच. शेतातल्या पिकांना एकूण १५ वर्षं आणि झाडं-वेलींना १८ वर्षं संरक्षण मिळतं. मूळ बियाणं कुठून घेतलं आणि ते कायदेशीर मार्गाने मिळवलं का, हे अर्जात सांगावं लागतं. शेतकऱ्याने स्वतः तयार केलेलं वाण त्याच्या नावावर नोंदता येतं आणि त्यासाठी शुल्क नाही.

कलम ३९ तर प्रत्येकाने वाचावं असं आहे. संरक्षित वाणाचंसुद्धा बियाणं शेतकरी राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडच्या नावाखाली विकता येत नाही.

या कलमाची कसोटी २०१९ मध्ये गुजरातेत लागली. पेप्सिको कंपनीने चिप्ससाठीच्या तिच्या नोंदणीकृत बटाट्यावरून साबरकांठा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटीहून जास्त रुपयांचे दावे ठोकले. नमुन्यांची डीएनए तपासणी केल्याचा आधार त्यात होता. देशभर विरोध झाला, शेतकऱ्यांनी कलम ३९ पुढे केलं आणि कंपनीने दावे मागे घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणीच रद्द केली. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला. कायद्याची लढाई अशी मागेपुढे होत राहते. पण मुद्दा लक्षात घ्या: बटाटा तोच आहे असं प्रयोगशाळेने सांगितलं, तरी त्यावरून शेतकरी गुन्हेगार ठरत नाही. ओळख पटणं वेगळं आणि हक्क ठरणं वेगळं.

डीएनए ठसा हे साक्षीदाराचं काम करतं. पण साक्षीदाराला बोलवायला आधी कोणीतरी फिर्याद लिहावी लागते, नोंद करावी लागते. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी वकील असतात. गावातल्या शेतकऱ्याकडे कोण आहे? तुम्ही आहात.

कोकणात मुणगा, वालय, पटणी अशी भाताची जुनी वाणं आहेत. ती टिकली, कारण घरातल्या दादी-नानींनी कणगीत वेगळं बियाणं राखलं. त्या बायकांची नावं कुठल्याही कागदावर नाहीत. सुट्टीत गावी जाल तेव्हा विचारा: हे बियाणं घरात कधीपासून आहे, कोणाकडून आलं, त्याची खूण काय? ते तारखेसह लिहा, फोटो काढा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती आहे का आणि त्यात हे वाण आहे का, ते पाहा. वेगळं वाण वाटलं तर नोंदणीचे सध्याचे नियम आणि मुदत प्राधिकरणाच्या पुण्यातल्या शाखेत विचारा. जीवशास्त्र शिकणाऱ्यांनी आपल्या विभागात ठसा काढून मिळेल का ते विचारावं, कायदा शिकणाऱ्यांनी अर्ज भरायला बसावं. आणि अर्जावर बियाणं राखणारीचं नाव आधी लिहावं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. कोणी बियाणं मागायला आलं, मग तो शेजारी असो, संस्था असो की विद्यापीठ, तर नाही म्हणू नका. बियाणं देऊनच वाढतं. मात्र कोणी, कधी, किती आणि कशासाठी नेलं, ते दोन ओळींत लिहून त्यावर सही घ्या, आणि त्यातलंच मूठभर बियाणं बाटलीत भरून, चिठ्ठी लावून घरी ठेवा. उद्या वाद झालाच, तर प्रयोगशाळेला तपासायला काहीतरी हातात लागेल.

आता प्रश्न विचारा.