परिचर्येतील संशोधन : विषय कसा निवडावा?

(वार्षिक संमेलनात विद्यार्थिनींसमोर केलेले भाषण)



मंडळाच्या शिष्यवृत्तीवर आपल्या काही मुली आज परिचर्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो. तथापि 'नर्सला कसले आले आहे संशोधन?' हा प्रश्न अजूनही घरोघर ऐकू येतो. त्याचे उत्तर इतिहासाने केव्हाच दिले आहे. १८५४ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या. पुढे मृत्यूंच्या नोंदी आकृत्यांत मांडून त्यांनी १८५८ साली दाखवून दिले की, जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले. आपल्या देशात परिचर्येचे पदवीशिक्षण १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाले.

विषय निवडताना काय चुकते, हे आम्ही आमच्याच चुकीवरून सांगतो. अध्यापनाच्या आरंभीच्या काळात एका विद्यार्थिनीस आम्ही 'ग्रामीण मातांचे आरोग्य' हा विषय दिला. आठ महिने ती ग्रंथालयात बसली. टिपणांच्या वह्या भरल्या, पण एकही प्रश्न हाती लागला नाही. एके दिवशी ती रडू लागली, तेव्हा आम्ही विचारले, "वॉर्डात तुला रोज काय खटकते?" ती तत्काळ म्हणाली, "बाई, सिझेरियन झालेल्या माता बाळाला फार उशिरा पाजतात." जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. विषय तिच्या डोळ्यांसमोरच होता. आम्हीच तो झाकून ठेवला होता.

मग आम्ही चार प्रश्न केले. रुग्ण कोण? सिझेरियन ठरलेल्या माता. आपण काय करणार? शस्त्रक्रियेपूर्वी बाळास धरण्याची रीत दाखविणार. तुलना कोणाशी? नेहमीचीच माहिती मिळणाऱ्या मातांशी. मोजणार काय? पहिल्या पाजण्यापर्यंतची मिनिटे. चारही उत्तरे एका वाक्यात बसली की विषय सापडला असे समजावे.

त्यानंतर व्यवहार पाहावा. आपल्या मुदतीत पुरेसे रुग्ण मिळतील काय? संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला आरंभीच घ्यावा, माहिती गोळा झाल्यावर नव्हे. नीतिसमितीची मान्यता आणि रुग्णाची संमती यांवाचून एक पाऊलही टाकू नये. आपल्या प्रबंधापायी कोणाची नित्याची शुश्रूषा उणी होता कामा नये. इतरत्र झालेला अभ्यास आपल्या वॉर्डात पुन्हा पडताळून पाहण्यातही कमीपणा नाही.

शेवटी पालकांस एक विनंती. रात्रपाळी करून आलेली मुलगी दुपारी वही घेऊन बसली, तर तिला स्वयंपाकघरात हाक मारू नका. ती जो प्रश्न सोडवीत आहे, त्याचे उत्तर उद्या आपल्याच सुनेच्या किंवा लेकीच्या खाटेपाशी उपयोगी पडणार आहे.