न खाजणारा चट्टा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत त्वचारोगाच्या डॉक्टरताईंनी केलेले भाषण. ज्या सदस्या सभेला नव्हत्या त्यांच्यासाठी गटाच्या मासिक बैठकीत वाचून दाखवावे.)

अध्यक्षताई मला म्हणाल्या, कातडीच्या कॅन्सरवर बोला, पण बायकांना घाबरवू नका. नाही घाबरवणार. मी ज्या आजाराबद्दल बोलणार आहे तो कॅन्सरच्या अगदी पहिल्या पायरीवरचा आहे. त्या पायरीवर सापडला तर बहुतेक जणी बऱ्या होतात. अडचण एवढीच, की तो सापडत नाही. दुखत नाही, फारसा खाजत नाही, आणि दिसतो नायट्यासारखा.

डॉक्टर त्याला बोवेनचा आजार म्हणतात. अमेरिकेत बोस्टनला जॉन बोवेन नावाचे त्वचेचे डॉक्टर होते, त्यांनी १९१२ साली तो नोंदवला, म्हणून हे नाव. नाव विसरलात तरी चालेल, चट्टा विसरू नका. बहुतेक वेळा एकच चट्टा असतो. कडा स्पष्ट, पण वेड्यावाकड्या. गोऱ्या कातडीवर लालसर, आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तपकिरी किंवा काळपट. वर खवले किंवा खपली. वाढतो तो अगदी हळू, महिन्यामहिन्याने, वर्षावर्षाने. नडगीवर होतो, पोटावर, पाठीवर, कुठेही होतो. आपल्याकडे बऱ्याचदा कपड्याखाली झाकलेल्या जागी होतो, म्हणून घरच्यांनाही दिसत नाही.

आता पहिली पायरी म्हणजे काय? भाकरी तव्यावर फुगली की वरचा पापुद्रा सुटा होतो ना, तशी आपल्या कातडीला वरची पातळ पापुद्र्यासारखी थर असते आणि खाली जाड कातडी. रक्ताच्या नळ्या खालच्या थरात असतात, पापुद्र्यात नाहीत. या आजारात बिघडलेल्या पेशी फक्त पापुद्र्यात असतात. रक्तात जायला वाटच नाही, म्हणून तो शरीरात दुसरीकडे पसरत नाही. पण पापुद्रा फोडून पेशी खाली उतरल्या तर तो खरा कॅन्सर, मग तो गाठींपर्यंत जाऊ शकतो. शंभर जणींना हा चट्टा असेल आणि कुणीच उपचार केले नाहीत, तर साधारण तीन ते पाच जणींचा पुढे खोल जातो. म्हणजे रात्रीतून काही होत नाही. पण आपण त्या तीन-पाच जणींत आहोत की नाही, हे चट्ट्याकडे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, साठीच्या. पोटरीवर रुपयाएवढा डाग होता, तो तळहाताएवढा झाला. सात वर्षं! मी विचारलं, इतके दिवस काय केलंत? त्यांनी पिशवी उघडून ट्यूबा काढल्या, अकरा होत्या. सगळ्या औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय आणलेल्या. त्यातल्या बहुतेकांत स्टेरॉइड होतं. ते लावलं की लाली कमी होते, वाटतं बरं झालं, आणि थांबवलं की परत दिसतं. कातडी मात्र पातळ होत जाते. मलम विकणाऱ्यावर मी एकट्यावर दोष टाकणार नाही. गावात दुसरं कोण असतं सांगा? तरी एक हिशोब मनाशी ठेवा. नायट्याचं औषध नीट, सांगितलं तेवढे दिवस लावूनही दीड-दोन महिन्यांत चट्टा गेला नाही, तर तो नायटा नसेल असं धरून चला आणि तिसरी ट्यूब आणू नका.

आता कमरेचं बोलू, कारण ते आपल्या सगळ्यांचं आहे. परकराची नाडी रोज त्याच जागी, करकचून. वर शेतातला घाम. वर्षानुवर्षं तिथे काळा पट्टा पडतो, कातडी जाड होते, भेगा पडतात. बहुतेकींचं तेवढ्यावरच थांबतं. पण क्वचित तिथे जखम होते, ती भरत नाही आणि त्या जखमेत कॅन्सर होतो. ही नवी गोष्ट नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातले डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली घट्ट धोतराच्या जागी होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलंय. बायकांचंही तेच. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायांची माहिती छापली. एकीला दीड वर्ष कमरेला जखम होती. दुसरी चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं घट्ट नेसत होती, आणि तिचा आजार जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता. हे बोवेनच्या पुढचं, खोल गेलेलं दुखणं आहे. पण ज्या पेशी बिघडतात त्या त्याच जातीच्या.

साडी सोडा असं मी म्हणत नाही, मीही नेसलेय. बारीक दोरीऐवजी रुंद पट्टीची नाडी घाला. गाठ रोज थोडी वर-खाली, थोडी बाजूला सरकवा. घरी आल्यावर सैल करा. आणि कमरेची जखम चार आठवड्यांत भरली नाही तर हळद दाबत बसू नका.

अवघड जागेचं बोलायला कुणी तयार नसतं, म्हणून मीच बोलते. हाच आजार योनीच्या बाहेरच्या भागावरही होतो. तिथे मात्र खाज येते, महिनोन्‌महिने, आणि पांढरट, लालसर किंवा काळपट जाड चट्टा दिसतो. तिथे खोल जाण्याचा धोका पायावरच्या चट्ट्यापेक्षा जास्त. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, त्याच विषाणूचा इथेही बऱ्याचदा हात असतो. त्यामुळे तिथला चट्टा दाखवायला जाल तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही करून घ्या. नवऱ्यासमोर सांगायला नको वाटत असेल तर आशाताईंना सोबत घ्या.

अंगावर असे चट्टे एकापेक्षा जास्त असतील आणि तळहात-तळपायांवर टणक दाणे असतील, तर आम्ही आर्सेनिकची शंका घेतो. बंगालमध्ये कूपनलिकांच्या पाण्यातून हे हजारो लोकांना झालं. आपल्याकडे मी कुणी पुड्या, भस्मं घेतलीत का ते विचारते. हरताळ म्हणजे आर्सेनिकच, बायांनो.

तपासणी कशी होते? बधिर करायचं इंजेक्शन देऊन तीन-चार मिलिमीटरचा, मसुराएवढा तुकडा काढतात आणि तपासायला पाठवतात. एखादा टाका. त्याच दिवशी घरी. “सुई लावली की कॅन्सर पसरतो” हे मी प्रत्येक गावात ऐकते. ते खरं नाही. तुकडा न काढल्यामुळे वर्षं वाया गेलेल्या बाया मात्र मी खूप पाहिल्यात.

उपचार चट्टा कुठे आणि केवढा यावर ठरतो. कापून काढतात, खरवडतात, अतिथंड नायट्रोजनने गोठवतात, किंवा काही आठवडे लावायचं खास मलम देतात. त्या मलमाने जागा लाल होते, चिघळल्यासारखी दिसते. ते औषध लागू पडतंय म्हणून. घाबरून मधेच थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा. गरोदर असाल तर आधी सांगा, ते मलम तेव्हा चालत नाही. बरं झाल्यावरही अधूनमधून दाखवायचं, कारण चट्टा परत येऊ शकतो. चट्ट्यात गाठ झाली, रक्त येऊ लागलं, जखम पडली, तर पुढच्या बाजाराची वाट बघू नका.

पैशाचं. सरकारी जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात त्वचेच्या विभागात जा. मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. बुडालेली मजुरी योजनेत येत नाही, आणि बायका तिथेच अडतात. गटाच्या अंतर्गत कर्जात शेळीला, बियाण्याला नंबर लागतो. “मला चट्टा दाखवायला हजार रुपये पाहिजेत” असं कुणी म्हटलं तर तिलाही लावा नंबर.

आता चहा होईल. त्यानंतर मी मागच्या खोलीत बसणार आहे, दाराला पडदा लावलाय आणि आत फक्त मी आणि सिस्टर. ज्यांना दाखवायचंय त्यांनी या. जे मलम लावत असाल ते उद्या कुणाबरोबर तरी पाठवा, आज नुसता रंग सांगितलात तरी चालेल. कमरेला पट्टा असेल तर नाडी आत्ताच सैल करून या, म्हणजे तपासायला वेळ लागणार नाही.