दहा मिनिटं कुणाची?

सहा वर्षांपूर्वी आम्ही वाडीतलं सामायिक घर सोडून मालवण शहराबाहेर सड्यावर नवं घर घेतलं. तीन खोल्या, फरशीचा ओटा, पुढे तुळशीला जागा. ह्यांनी सांगितलं, "बाजार दहा मिनिटांवर आहे." खरंच होतं ते, पण मोटारसायकलवर! मला चालत पाऊण तास लागायचा आणि सासूबाईंना तर जमायचंच नाही.

वाडीत मासेवाली पाटी घेऊन दारात यायची, देऊळ हाकेच्या अंतरावर होतं. इथे सासूबाई दिवसभर खिडकीत बसत. एकदा म्हणाल्या, "घर बरां आसा गो, पण बोलूक माणूस खंय?" त्याच जुलैत एका रात्री त्यांना ताप भरला. चिखलामुळे रिक्षा आत येईना. खुर्चीत बसवून त्यांना डांबरी रस्त्यापर्यंत उचलून न्यावं लागलं. घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत, हे मला त्या रात्री कळलं.

म्हणून सांगते, घर दिवाळीत बघू नका. एकदा मे महिन्यात बघा, एकदा जुलैत. मे महिन्यात विहिरीचं पाणी चाखा. किनाऱ्यालगत जमिनीत खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत असतो. पंपाने फार उपसा केला की खालचं खारं पाणी वर येतं. सिंधुदुर्ग किल्ल्यात भर समुद्रात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, पण प्रत्येक अंगणाचं नशीब तसं नसतं. सड्यावर जांभा दगड, त्यातून पाणी झिरपून जातं आणि विहीर लवकर तळ गाठते. जुलैत रस्ता चालून बघा. एसटी कुठे थांबते, अंगणवाडी, दवाखाना, गिरण किती लांब, हे शेजारच्या बाईला विचारा. घर विकणाऱ्याला नको.

दुसरी गोष्ट कागदाची. खरेदीखतात आपलं नाव आहे का बघा, मग ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरही ते लावून घ्या. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर केवळ स्त्रीच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तीस लाखांच्या घरावर तीस हजार रुपये वाचतात. आम्ही घर त्याआधी घेतलं, पण दोघांच्या नावाने घेतलं, एवढं शहाणपण मात्र केलं.

आणि घर घेऊन झालेलं असेल तर? रडत बसू नका. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, अशी कायद्यातच तरतूद आहे. आम्ही सातजणी तिथे गेलो, पाणंदीला खडी आणि दिव्याचे पाच खांब मागितले. खडी आली, खांब दोनच आले. उरलेल्या तीन खांबांसाठी पुढच्या सभेला पुन्हा जाणार आहोत. मी स्कूटर शिकले. आता दर सोमवारी सासूबाई मागे बसून देवळात जातात, येताना बाजारातून बांगडे स्वतः निवडून आणतात, खाते मात्र मंगळवारी!

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "सगळं दहा मिनिटांवर आहे" म्हणालं, तर एवढंच विचारा: कुणाच्या पायांनी?