सरांचा सन्मान, आपले उत्तरदायित्व
(सुवर्ण महोत्सवी समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



१९६६ साली अलीगढ येथे भरलेल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे अध्यक्षपद डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी भूषविले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील आम्हा विद्यार्थ्यांचा ऊर अभिमानाने भरून आला. सदलग्यात जन्मलेल्या सरांनी तेथे १९३० पासून तीन दशके अर्धमागधीचे अध्यापन केले. हा विषय घेणारे थोडेच; पण सरांची निष्ठा संख्येवर अवलंबून नव्हती.

कुंदकुंदाचार्यांचे ‘प्रवचनसार’, योगींदुदेवांचे ‘परमात्मप्रकाश’, श्वेतांबर परंपरेतील उद्योतनसूरींची ‘कुवलयमाला’ हे ग्रंथ त्यांनी हस्तलिखिते ताडून, पाठ निश्चित करून विद्वज्जगतापुढे ठेवले. पंथभेद त्यांच्या संशोधनाच्या आड आला नाही. त्या अध्यक्षपदाने सरांसोबत प्राकृत विद्येचाही गौरव झाला.

परंतु केवळ अभिमानाने पोथी वाचता येत नाही. श्रुतपंचमीस आपण शास्त्रांची पूजा करतो, पोथ्यांना नवी वेष्टने घालतो. त्या उलगडून वाचणारा मात्र क्वचितच भेटतो. म्हणून ट्रस्टने या सुवर्ण महोत्सवानिमित्त दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याच्या प्राकृत अध्ययनाचा भार उचलावा, अशी नम्र विनंती करतो.

जय जिनेंद्र.